स्टेअरिंगचे तेल

उभ्या ट्रकचे स्टेअरिंग तुम्ही कधी फिरवून पाहिले आहे का? इंजिन बंद असेल तर दोन्ही हातांनी जोर लावला तरी ते जेमतेम हलते. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. माल भरलेल्या मोठ्या ट्रकच्या पुढच्या दोन चाकांवर पाच-सहा टन भार असतो. सहा टन म्हणजे क्विंटलभर धान्याची साठ पोती! एवढा भार घेऊन रस्त्याला चिकटलेली चाके माणसाच्या हाताने कशी वळावीत? पण इंजिन सुरू झाले, की तेच स्टेअरिंग ड्रायव्हर एका हाताने फिरवतो. ही किमया तेलाची आहे.

इंजिनाला एक छोटा पंप जोडलेला असतो. तो एका टाकीतून तेल ओढतो आणि जाड नळीतून स्टेअरिंग बॉक्समध्ये ढकलतो. बॉक्समध्ये दट्ट्या असतो. ड्रायव्हरने स्टेअरिंग थोडेसे फिरवले, की एक झडप उघडते आणि तेल दट्ट्याच्या एका बाजूला जोराने शिरते. दट्ट्या सरकतो आणि चाके वळतात. विज्ञानाच्या तासाला तुम्ही पास्कलचा नियम शिकला असाल. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, तोच हा नियम. ट्रकच्या स्टेअरिंगमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या शंभरपटीहूनही जास्त होऊ शकतो.

ही युक्ती प्रथम व्यवहारात आणली ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने. तो पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम करत असे. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरांचे होणारे हाल त्याने पाहिले होते. १९२६ मध्ये त्याने असे स्टेअरिंग आपल्या मोटारीला बसवून दाखवले. पण बाजारातील मोटारीत ते यायला १९५१ साल उजाडले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. हे तेल नुसते ढकलण्याचे काम करत नाही. पंपाच्या भागांची झीज, म्हणजे घासून घासून कमी होणे, ते रोखते. बॉक्समधली उष्णता ते वाहून नेते. शिवाय जिथून तेल गळू शकेल, तिथे रबराची कडी बसवलेली असतात. त्यांना सील म्हणतात. ही सील मऊ आणि घट्ट राहिली पाहिजेत. म्हणून तेल सीलच्या रबराला मानवणारे असावे लागते. ही शेवटची अट बहुतेक लोक विसरतात. आमच्याकडूनही ती विसरली गेली होती.

२०१२ सालची गोष्ट आहे. माझी बी.एड.ची परीक्षा संपली होती. माझ्या मामूंचा तेरा वर्षे जुना ट्रक कापडाच्या गाठी घेऊन मालेगावहून भिवंडीला निघाला होता. मीही सोबत बसलो. नाशिक मागे पडले आणि मामू म्हणाले, "आज स्टेअरिंग जड लागते आहे." घोटीच्या जवळ वळण घेताना पंपातून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. खाली वाकून पाहिले, तर स्टेअरिंग बॉक्समधून तेल ठिबकत होते. पुढे कसारा घाट होता. मामूंनी ट्रक एका गॅरेजजवळ उभा केला.

मिस्त्रींनी टाकीचे झाकण उघडले, बोट बुडवले आणि वास घेतला. मग त्यांनी क्लीनरला विचारले, "बेटा, यात काय ओतलेस?" क्लीनरने सीटखालची बाटली काढून दिली. ती ब्रेक-ऑइलची होती. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात हे खरे, पण पुष्कळ ट्रकांच्या क्लचला ब्रेक-ऑइलच लागते. म्हणून ती बाटली गाडीत असते. आठवड्यापूर्वी टाकीतले तेल कमी दिसले, म्हणून त्या मुलाने जवळ होते ते ओतले. त्याच्या दृष्टीने तेल ते तेल!

मिस्त्रींनी आम्हांला एक प्रयोग दाखवला. दोन ग्लासांत पाणी घेतले. एकात स्टेअरिंगच्या तेलाचे काही थेंब टाकले, ते वर तरंगत राहिले. दुसऱ्यात ब्रेक-ऑइल टाकून ढवळले, तर ते पाण्यात पार मिसळून गेले. म्हणजे ब्रेक-ऑइल हे नावाचेच ऑइल, ते खनिज तेल नव्हेच. ते ग्लायकॉल नावाच्या रसायनापासून करतात. स्टेअरिंगमधले रबर खनिज तेलासाठी बनवलेले असते. ग्लायकॉल लागले, की ते फुगते, मऊ पडते आणि गळती सुरू होते. उलट चूक तर अधिक घातक असते. ब्रेकच्या टाकीत स्टेअरिंगचे तेल गेले, तर ब्रेकची रबरे फुगतात आणि ब्रेकच निकामी होऊ शकतो. (हा प्रयोग तुम्ही घरी करू नका. ब्रेक-ऑइल विषारी असते.)

पंपाची आणि बॉक्सची सगळी सील बदलावी लागली. नळ्या धुवाव्या लागल्या. त्यात दोन दिवस गेले आणि माल उशिरा पोहोचल्याने भाडेही कापले गेले. सर्वांनी क्लीनरला बोल लावला. मला मात्र तो एकटा दोषी वाटला नाही. बाटलीवरची इंग्रजी अक्षरे त्याला वाचता येत नव्हती, आणि कोणते तेल कुठे घालायचे हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

मग योग्य तेल कसे ओळखावे? रंगावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. जुन्या ट्रकांत बहुधा लाल तेल असते. ते खरे म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी तयार केलेले तेल आहे. त्याला थोडक्यात एटीएफ म्हणतात. इंजिन-ऑइलपासून ते वेगळे ओळखू यावे म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९४९ मध्ये 'टाइप ए' नावाने त्याचे नियम ठरवले. पुढे १९६७ मध्ये 'डेक्सरॉन' हे नाव आले. त्यानंतर डेक्सरॉन दोन आले, १९९३ मध्ये तीन आणि २००५ मध्ये सहा. (एके काळी या तेलात देवमाशाची चरबी घालत असत! देवमासे नष्ट होऊ लागले, तेव्हा १९७० च्या दशकात अमेरिकेत तिच्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरा उपाय शोधावा लागला.)

आपल्याकडच्या अनेक जुन्या ट्रकांच्या पुस्तिकेत 'टाइप ए' किंवा 'डेक्सरॉन दोन' असे लिहिलेले आढळते. तिथे दुकानदार नवे म्हणून 'डेक्सरॉन सहा' पुढे करील. ते वाईट नाही, पण ते जास्त पातळ असते. वर्षानुवर्षे झिजलेल्या पंपात पातळ तेलाने दाब कमी पडू शकतो. म्हणून जुन्या ट्रकला नवे ते चांगले, हा हिशेब लावू नये. डब्यावर पुस्तिकेतलेच नाव आहे का, ते पाहावे. काही अमेरिकन जड ट्रकांच्या स्टेअरिंगमध्ये चक्क इंजिन-ऑइल घालायला सांगितलेले असते. काही युरोपीय मोटारींत हिरवे तेल असते, आणि ते लाल तेलात मिसळायचे नसते. पुस्तिका हरवली असेल, तर टाकीचे झाकण पुसून पाहावे, कधी कधी त्यावरच नाव कोरलेले असते. नाहीतर कंपनीच्या अधिकृत गॅरेजमध्ये गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून विचारावे.

ट्रक जुना घेतला असेल आणि टाकीत आधी काय ओतले आहे ते ठाऊक नसेल, तर वरून भर घालण्यात अर्थ नाही. सगळे तेल काढून टाकावे, फिल्टर बदलावा आणि एकाच जातीचे नवे तेल भरावे. त्यासाठी डिझेलचे नरसाळे वापरू नये. बारीकशी धूळही झडपेत अडकते.

तेलाची प्रकृती पाहायची असेल, तर त्याचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी आणि करपल्या वासाचे असेल तर ते जुने झाले. दुधाळ गुलाबी दिसले, तर आत पाणी शिरले आहे. टाकीत फेस असेल, किंवा इंजिन बंद करताच पातळी एकदम वर चढली, तर नळीत हवा आहे असे समजावे.

तुमच्या घरी कोणी ट्रक चालवत असेल, तर आणखी एक विचारून पाहा. डिझेल वाचवण्यासाठी काही जण घाट उतरताना इंजिन बंद करतात. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. मग टाकीत कितीही उत्तम तेल असो, वळणावर ते स्टेअरिंग तुम्ही सुरुवातीला फिरवून पाहिलेत तसे जड होते. ब्रेकसाठी हवा भरणारे यंत्रही इंजिनावरच चालते.

आमच्या मामूंचा तो ट्रक आता नाही. दुसरा आहे, तोही जुनाच. त्याच्या स्टेअरिंगच्या टाकीवर मामूंनी लाल रंगाचा पट्टा मारून घेतला आहे आणि क्लचच्या टाकीवर पांढरा. तेच रंग त्या त्या बाटल्यांनाही लावले आहेत. नव्या क्लीनरला ते पहिल्याच दिवशी दोन्ही दाखवतात.