आयातीची चौकशी, शेतकऱ्याची गैरहजेरी

परदेशातून येणारा माल देशातल्या उत्पादकाचे कंबरडे मोडतो आहे, अशी तक्रार असेल तर ती ऐकणारे एक सरकारी कार्यालय आहे. नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या ‘जीवन तारा’ इमारतीतले व्यापार उपाय महासंचालनालय. वाणिज्य मंत्रालयाच्या या खात्याला आजचे रूप २०१८ साली मिळाले. त्याआधी डम्पिंगची चौकशी एक महासंचालनालय करत असे आणि सेफगार्डची दुसरे. पोलाद, रसायने, काच, सोलर पॅनेल अशा मालाचे कारखानदार या कार्यालयाला चांगले ओळखतात. शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र त्याचे नावही माहीत नाही.

इथे तक्रारी तीन प्रकारच्या येतात. परदेशी उत्पादक आपल्या देशात ज्या भावाने विकतो त्याहून स्वस्तात इथे माल पाठवत असेल, तर ते डम्पिंग. तिथले सरकार अनुदान देऊन माल स्वस्त करत असेल, तर त्या अनुदानाची भरपाई करणारे प्रतिशुल्क. आणि कुणाची लबाडी नसतानाही आयात एकाएकी वाढून देशी उत्पादक कोलमडत असेल, तर काही काळापुरते सेफगार्ड शुल्क.

यांतली सर्वाधिक वापरली जाणारी रीत डम्पिंगची, आणि ती १९९५ च्या नियमांनी बांधलेली आहे. अर्ज करणाऱ्यांकडे देशातल्या एकूण उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा हवा. अर्जात तथ्य दिसले की राजपत्रात सूचना निघते आणि परदेशी निर्यातदार, आयातदार व देशी उत्पादक यांना प्रश्नावल्या जातात. उत्तरे आली की अधिकारी हिशेबाच्या वह्या तपासतात. मग तोंडी सुनावणी होते. निकालाआधी, कोणत्या तथ्यांवर तो उभा राहणार आहे हे सर्व पक्षांना लेखी कळवले जाते आणि त्यावर हरकती मागवल्या जातात. हे सगळे साधारण वर्षभरात उरकावे लागते. फार तर सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. एवढे होऊनही महासंचालनालय फक्त शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवते.

या कार्यालयाचा एखादा अंतिम अहवाल उघडला, तर पानोपानी आकड्यांच्या जागी तीन चांदण्या दिसतात. कंपनीचा उत्पादन खर्च, नफा, विक्रीची किंमत ही व्यापारी गुपिते. ती स्पर्धकाला कळू नयेत म्हणून झाकलेली. पण शेजारीच निर्देशांक असतो. पहिले वर्ष १०० धरले तर पुढे खर्च ११२ झाला, विक्रीचा भाव ९५ वर आला, असे कोणालाही वाचता येते. गुपित राखूनही तर्क उघडा ठेवण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते. सरकारने एखाद्याच्या पोटावर परिणाम करणारा निर्णय घ्यावा तर असा घ्यावा: दोन्ही बाजू ऐकून, कारणे लिहून, आव्हानाची वाट मोकळी ठेवून.

शेतीच्या जवळचे एक प्रकरण २०१९ सालचे. मलेशियाशी २०११ पासून लागू असलेल्या व्यापार करारामुळे तिथल्या रिफाइंड पामतेलावरचे शुल्क १ जानेवारी २०१९ पासून ४५ टक्क्यांवर आले. कच्च्या पामतेलावर ४० टक्के होते. फरक उरला फक्त पाच टक्क्यांचा. त्यामुळे कच्चे तेल आणून इथे शुद्ध करण्यापेक्षा तयार पामोलिन मागवणे परवडू लागले आणि देशातल्या रिफायनऱ्या ओस पडण्याची वेळ आली. मुंबईत मुख्यालय असलेल्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशनने महासंचालनालयाकडे अर्ज केला. ऑगस्टमध्ये चौकशी सुरू झाली, प्राथमिक निष्कर्ष निघाले आणि ४ सप्टेंबरला शुल्क पाच टक्क्यांनी वाढून ५० झाले, तेही १८० दिवसांसाठी.

या प्रकरणात ‘देशी उद्योग’ म्हणजे रिफायनऱ्या. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन घालणारा शेतकरी त्यात कुठेच नव्हता. पामतेल स्वस्त झाले की सोयातेलाचा भाव दबतो आणि तो दाब अखेर सोयाबीनच्या कट्ट्यावर येतो, हे बाजारात उभ्या असलेल्या कोणालाही कळते. नियमांची नजर मात्र ‘त्याच प्रकारच्या मालावर’ असते. आयात झाले तेल, शेतकऱ्याने पिकवले बी. त्यामुळे तोटा त्याचा असला तरी तो तक्रारदार ठरत नाही.

तूर-हरभऱ्यासारख्या पिकांत ही अडचण नाही. तिथे आयात होतो तो दाणाच. पण तिथे २५ टक्के उत्पादन भरेल इतक्या शेतकऱ्यांच्या सह्या कोण गोळा करणार आणि प्रत्येकाचा ताळेबंद कुठून आणणार? म्हणून शेतमालाचे निर्णय या कार्यालयाला वळसा घालून एकेका अधिसूचनेने होतात. तूर २०२१ च्या मे महिन्यापासून प्रमाणाच्या निर्बंधाविना येऊ लागली. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ मध्ये शुल्कमुक्त झाला. कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले आणि मे २०२५ च्या अखेरीस, खरिपाची पेरणी तोंडावर असताना, साडेसोळावर उतरले. यांतला एखादा निर्णय ग्राहकासाठी गरजेचाही असेल. पण त्याआधी सुनावणी नाही, उघडी केलेली तथ्ये नाहीत, हरकतीची संधी नाही.

इतर देशांनी यावर वाट काढलेली आहे. अमेरिकेच्या कायद्यात १९८८ पासून तरतूद आहे की कच्चा शेतमाल आणि त्यापासूनचा पदार्थ एकाच सलग साखळीत असतील, तर पिकवणारेही ‘उद्योगा’त मोजता येतात. जपानने २००१ साली पातीचा कांदा, शिताके अळिंबी आणि चटयांसाठीचे गवत यांवर २०० दिवसांचे तात्पुरते सेफगार्ड लावले. त्या चौकशीत अर्थ आणि व्यापार खात्यांबरोबर कृषी खातेही होते. किंमतही मोजावी लागली. चीनने जपानी मोटारी, मोबाइल आणि एअर कंडिशनरवर १०० टक्के जादा शुल्क लावले आणि वर्षअखेरीस वाटाघाटींनी प्रकरण मिटवावे लागले. शेतकऱ्याला संरक्षण देताना कोणाला काय सोसावे लागेल, हे आधी तपासून घ्यायला हवे. त्यासाठीच तर चौकशी असते.

आपल्याकडे पुरावा नाही, असे कोणी म्हणू नये. कृषी उत्पादन खर्च व मूल्य आयोगासाठी कृषी विद्यापीठांची माणसे निवडक शेतकऱ्यांच्या खर्चाची नोंद वर्षभर ठेवतात. महाराष्ट्रात हे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. बियाणे, खत, बैलजोडीचे तास, मजुरी, घरच्या माणसांचे कष्ट, जमिनीचा खंड, सगळे त्यात येते. बाजार समित्यांकडे रोजची आवक आणि भाव असतात. उत्पादक फार मोठ्या संख्येने विखुरलेले असतील तर नमुना पद्धतीने त्यांचा पाठिंबा मोजता येतो, असे जागतिक व्यापार संघटनेच्या डम्पिंगविषयक करारातच नमूद आहे.

कारखान्याला ‘हानी न करणारी किंमत’ काढताना हे कार्यालय गुंतवलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा धरते. हमीभाव मात्र प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या मजुरीच्या दीडपटीवर ठरतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज त्या हिशेबात धरले जात नाही. एकाच देशात उत्पादकाच्या तोट्याची दोन मापे का असावीत?

हे कार्यालय चांगले आहे, म्हणून त्याच्याकडे मागणे आहे. शेतमालाच्या चौकशीसाठी त्याने स्वतंत्र कक्ष काढावा. मूल्य आयोगाची आकडेवारी पुरावा म्हणून स्वीकारावी. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पणन महासंघ यांना शेतकऱ्यांच्या वतीने अर्ज करण्याची सोपी वाट द्यावी. तेलाच्या किंवा डाळीच्या चौकशीत पिकवणाऱ्याचे म्हणणे नोंदवणे बंधनकारक करावे. निकाल दर वेळी शेतकऱ्याच्या बाजूने लागणार नाही, आणि लागावा असेही नाही. पण विरोधात गेला तरी त्याची कारणे त्याला वाचायला मिळतील, आणि ती पटली नाहीत तर दाद मागता येईल. कारखानदाराला हा हक्क आज आहे.