पॅरिसची जवाहीरपेढी आणि होळकरांचे हिरे

युरोपातील जुन्या नगरांमधील नामांकित जवाहीरपेढ्यांचे वर्णन बहुधा प्रवासवृत्तांतून वाचावयास मिळते. त्यांत भर असतो तो दालनाच्या शोभेवर आणि अलंकारांच्या किमतींवर. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या पेढ्यांचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. अलंकार मोडला जातो, रत्ने विकली जातात, धातू आटविला जातो. परंतु ज्या पेढीवर तो घडला तेथील रेखाटने, छायाचित्रे आणि हिशेबाच्या वह्या मागे राहतात. या दृष्टीने अशी पेढी हे विक्रीचे ठिकाण असून शिवाय एक दप्तरखानाही असते. इंदूरच्या होळकर घराण्याचा पॅरिसच्या जवाहिऱ्यांशी आलेला संबंध हे याचे उत्तम उदाहरण होय.

पॅरिसमधील प्लास व्हाँदोम हा चौक चौदाव्या लुईच्या काळी आखला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी जवाहिरे तेथे एकवटू लागले. व्हॅन क्लीफ आणि आर्पेल्स यांची पेढी १९०६ साली तेथे आली, तर शोमे यांची पेढी १९०७ साली बारा क्रमांकाच्या वास्तूत स्थिर झाली. याच वास्तूत १८४९ साली संगीतकार शोपँ याचे निधन झाले होते. शोमे पेढीची परंपरा १७८० पर्यंत मागे जाते. तिचा संस्थापक मारी-एतिएन नितो हा पुढे नेपोलियनचा जवाहिऱ्या झाला. नेपोलियनच्या तलवारीत ‘रीजंट’ हा सुमारे १४० कॅरट वजनाचा हिरा नितोने बसविला. तो हिरा मूळचा गोवळकोंड्याच्या खाणींतला. हिंदुस्थानी रत्न आणि पॅरिसची कारागिरी यांचा संयोग होळकरांच्या पुष्कळ आधीपासून चालत आला होता, हे यावरून दिसून येईल.

पहिल्या महायुद्धापूर्वी थोडेच दिवस तिसरे तुकोजीराव होळकर यांनी जोझेफ शोमे यांच्याकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे खरेदी केले. प्रत्येकाचे वजन सुमारे ४७ कॅरट होते. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्यामुळे दोहोंचे मिळून वजन सुमारे १८.८ ग्रॅम, म्हणजे सराफी मापाने दीड तोळ्याहून किंचित अधिक भरते. ‘इंदूरचे नासपती’ या अर्थाच्या नावाने ही जोडी पुढे रत्नव्यापारात प्रसिद्धी पावली.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. ज्या दरबाराच्या जवाहीरखान्यात पिढ्यान्‌पिढ्यांची रत्ने होती, त्यास पॅरिसला जाण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर केवळ हौसेत नसून जडणीच्या तंत्रातही आहे. आपल्याकडील कोंदणकामात रत्नाच्या मागची बाजू बंद असते. खाली बेगड घालून तेज वाढवितात आणि शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे रत्नाच्या कडेने दाबून ते पक्के करतात. या पद्धतीत रत्न मूळ आकारात, शक्यतो वजन न घटविता वापरता येते. पॅरिसची नवी पद्धत याच्या उलट होती. तीत रत्न बारीक नख्यांवर उचलून धरीत आणि प्रकाश सर्व बाजूंनी आत जाऊ देत. त्यासाठी पैलू मोजूनमापून पाडावे लागत आणि त्यात वजनाची बरीच तूट होई. नख्यांकरिता प्लॅटिनम वापरीत. हा धातू १७६८ अंश सेल्सियसला वितळतो, तर सोने १०६४ अंशांना. म्हणून पुरेशी प्रखर ज्योत कारखान्यांत उपलब्ध झाल्यावरच त्याचा प्रसार झाला. सारांश, एका पद्धतीत रत्नाचे वजन राखण्यास प्राधान्य होते, तर दुसऱ्या पद्धतीत त्याच्या तेजास. संस्थानिकांची रुची पहिलीकडून दुसरीकडे वळली, हा अभिरुचीच्या इतिहासातील महत्त्वाचा पालट मानावा लागेल.

१९२६ साली तुकोजीरावांनी गादी सोडली आणि यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) गादीवर आले. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून नव्या शैलीत सजवून घेतला. रत्नांच्या बाबतीतही त्यांची दृष्टी अशीच होती. मोबूसँ या पॅरिसच्या पेढीने त्यांच्यासाठी हे दोन हिरे नव्या हारात गुंफले. बर्नार बूते द मोंव्हेल या चित्रकाराने यशवंतरावांची दोन चित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते काळ्या पाश्चात्य वेषात आहेत. १९३३–३४ च्या चित्रात शुभ्र मराठी पोशाखात असून त्यांच्या छातीवर हे दोन्ही हिरे दिसतात. अंगावर मराठी दरबारचा पोशाख आणि गळ्यात पॅरिसची घडण, असा हा दुहेरी संस्कार एकाच चित्रात दृग्गोचर होतो.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येईल. १९४६ साली न्यूयॉर्कचे व्यापारी हॅरी विन्स्टन यांनी ही जोडी विकत घेतली आणि पुन्हा पैलू पाडवून घेतले. त्यात वजन आणखी घटले. दोनच वर्षांनी, १९४८ साली, इंदूर संस्थान मध्यभारत संघात समाविष्ट झाले आणि संस्थानाचे धन कोणते व राजाचे खासगी धन कोणते, याची निवड सर्वत्र करावी लागली. ज्या वस्तू त्यापूर्वीच देशाबाहेर गेल्या होत्या, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उरलाच नाही. बडोद्याच्या सीतादेवी यांच्या पाचूंचा व हिऱ्यांचा हार व्हॅन क्लीफ आणि आर्पेल्स यांच्याकडे १९५० च्या सुमारास घडला. हे उदाहरणही त्याच मालिकेतील होय. या मोठ्या हस्तांतराचा मागोवा घ्यावयाचा तर मूळ अलंकार हाती लागण्याची आशा थोडीच. रत्न पुन्हा कापले गेले की त्याची ओळखही पुसट होते.

अशा वेळी पेढीचे दप्तर उपयोगी पडते. शोमे पेढीने हजारो रेखाटने, काचेवरील छायाचित्रे आणि शिरोभूषणांचे मिश्रधातूतील नमुने जपून ठेवले आहेत. आराखड्यावरून घाट कळतो, छायाचित्रावरून मूळ जडण कळते. हिशेबाच्या वहीत ग्राहकाने रत्न विकत घेतले की स्वतःचे रत्न नव्याने जडविण्यासाठी दिले, हे पाहता येते. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कारण पहिल्या प्रकारात खजिन्यातून पैसा गेला, तर दुसऱ्या प्रकारात खजिन्यातील वस्तूचेच रूप पालटले. फ्रेंच दप्तर आणि संस्थानचे दप्तर समोरासमोर ठेवून वाचल्याखेरीज हा भेद निश्चित होणार नाही.

हीच दृष्टी स्वदेशातील पेढ्यांनाही लावली पाहिजे. सांगलीस गाडगीळांची सराफी पेढी १८३२ साली सुरू झाली, म्हणजे प्लास व्हाँदोमला जवाहिरे एकवटू लागण्याच्या कितीतरी आधी. मराठी मुलखातील सराफी व्यवहारात दागिन्याचे वजन, कस, घट आणि घडणावळ यांचा हिशेब ठेवण्याची रीत जुनी आहे. तोळा, मासा आणि गुंज यांत लिहिलेल्या अशा नोंदींतून मध्यमवर्गाची बचत, विवाहातील देणीघेणी आणि दुष्काळात मोडलेले दागिने यांचा इतिहास उभा राहू शकतो. मोडी जाणणारे वाचक दिवसेंदिवस विरळ होत आहेत आणि जुन्या वह्या रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही. राजघराण्याच्या दोन हिऱ्यांचा प्रवास परदेशी पेढीने जपलेल्या कागदांच्या आधारे लावता येतो. सामान्य कुटुंबाच्या पाटल्या आणि गोठ यांची कथा सांगणारे कागद मात्र घरोघरच्या पेढ्यांतच शोधावे लागतील, आणि ते काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.