धम्माची ओळख, भाग ७ : वेरमणी

माझी आजी पौर्णिमेला पहाटेच आंघोळ करून पांढरं लुगडं नेसायची, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची आणि पंचशील म्हणायची. पाली तिला येत नव्हती, लिहिता-वाचताही येत नव्हतं. पण त्या पाच ओळी तोंडात इतक्या मुरल्या होत्या की भाकरी थापतानाही ओठ हलायचे. मी कॉलेजात पाली घेतली तेव्हा तिने पहिलाच प्रश्न टाकला, “पाचही वेळा ते वेरमणी, वेरमणी येते, त्याचा अर्थ का होते रे?” आम्ही वर्धेकडचे. मी ऐटीत सांगितलं, “विरती. दूर राहणं.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे कोणी हाकलत नाही. आपणच मागं सरतो.”

गेल्या आठवड्यात आपण अष्टांगिक मार्गापाशी थांबलो होतो. त्या आठ अंगांपैकी सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीविका या तिन्हींना मिळून शील म्हणतात. गृहस्थाच्या घरात त्याचं रोजचं रूप म्हणजे पंचशील. लग्न असो, बारसं असो की पुण्यानुमोदन, आपल्याकडे ते म्हटल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकत नाही. इतकं सरावाचं झाल्यामुळेच बहुधा ते उलगडून सांगायचं राहून जातं.

पाचही ओळींचा शेवट सारखाच आहे. आधी वेरमणी, मग सिक्खापद, मग समादियामि. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, सरावाचा पाठ. समादियामि म्हणजे मी अंगीकारतो. क्रियापद प्रथमपुरुषी आहे, हे लक्षात घ्या. ‘तू मारू नकोस’ असं वरून कुणी बजावलेलं नाही. बोलणारा स्वतःशी बोलतो आहे, आणि तोही शिकणाऱ्याच्या भाषेत. शील मोडलं तर माफ करणारा कुणी नाही आणि शिक्षा ठोठावणाराही नाही. जे झालं ते कबूल करायचं आणि शील पुन्हा घ्यायचं. म्हणून तर ते आयुष्यात एकदा घेऊन संपत नाही, दर पौर्णिमेला नव्याने घेतलं जातं.

पहिलं शील प्राणिहत्येपासून विरतीचं. इथे धम्मपदाच्या अट्ठकथेतली, म्हणजे जुन्या भाष्यातली, चक्खुपाल थेरांची गोष्ट आठवते. दृष्टी गेलेले हे वृद्ध भिक्खू श्रावस्तीच्या जेतवनात उतरले होते. रात्री पाऊस झाला, जमिनीतून इंदगोप वर आले. हेच आपले मृगाचे किडे, मखमली लाल, पहिल्या पावसात शेतात दिसतात ते. पहाटे थेर नेहमीप्रमाणे चंक्रमण करू लागले आणि त्यांच्या पावलांखाली ते किडे चिरडले गेले. सकाळी आलेल्या भिक्खूंनी वाटेवर मेलेले किडे पाहिले आणि बुद्धाकडे तक्रार नेली. बुद्धाने विचारलं, तुम्ही त्याला मारताना पाहिलंत का? नाही म्हणाले. मग जसं तुम्ही त्याला पाहिलं नाही, तसं त्यानेही किड्यांना पाहिलं नव्हतं.

चेतना हेच कर्म, असं बुद्धाने अंगुत्तर निकायात सांगितलं आहे. अट्ठकथाकारांनी पुढे हिशेब अगदी बारीक केला. समोर जीव असणं, तो जीव आहे हे ठाऊक असणं, मारण्याचा हेतू, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि प्रत्यक्ष मृत्यू, हे पाचही जुळले तरच पहिलं शील मोडतं. नांगर चालवणाऱ्या शेतकऱ्याने रात्र रात्र तळमळावं, असं या वाटेवर कुणी म्हटलेलं नाही.

मग मटणाचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर येतो. जीवक सुत्तात भिक्खूंसाठी नियम आहे. प्राणी आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल, तर ते मांस घेऊ नये. एरवी पात्रात पडेल ते घ्यावं. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत, त्यांत शस्त्र, जीव, मद्य आणि विष यांच्याबरोबर मांसाचाही व्यापार आहे. तेव्हा पंचशील म्हणजे शाकाहार, असं पाली ग्रंथांच्या आधारे म्हणता येत नाही. पण एवढ्यावर प्रश्न मिटवून टाकणाऱ्यांनी अशोकाचा पहिला शिलालेख वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशोक स्वतःच्या मुदपाकखान्याबद्दल लिहितो. पूर्वी इथे कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. इतका मोठा सम्राट, दगडावर कोरून घेताना ‘एकही नाही’ असं सहज लिहू शकला असता. त्याने दोन मोर लिहिले. सिक्खापद या शब्दाचा अर्थ मला या शिलालेखाइतका दुसरीकडे कुठे उमगला नाही.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि नंतर समोरच्या लाखो लोकांना स्वतः दिलं. त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ही पाचही शीलं साध्या मराठीत आहेत. तिथे पहिल्या शीलाची दिशाच बदलली आहे. प्राणिमात्रांवर दया करीन, त्यांचं लालनपालन करीन, अशा अर्थाची ती प्रतिज्ञा आहे. मागे सरण्यापाशी न थांबता पुढे होऊन जवळ घेण्याची.

दुसऱ्या शीलाचा शब्द आहे अदिन्नादान. अदिन्न म्हणजे न दिलेलं. चोरी या शब्दापेक्षा हा कितीतरी मोठा आहे. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरणारा स्वतःला चोर म्हणवून घेणार नाही, पण ती वीत त्याला कुणी दिलेली नसते. मजुराची दिवसाची मजुरी आठवडाभर खिशात ठेवणाऱ्याचंही तेच. तिसरं शील कामभोगातल्या मिथ्याचाराचं. ज्या व्यक्तीवर आपला हक्क नाही तिच्याकडे त्या नजरेने जायचं नाही, इतकं ते स्पष्ट आहे, आणि सुत्तांमध्ये वाग्दत्त मुलीचाही त्यात वेगळा उल्लेख आहे.

पाचवं शील आधी घेतो, चौथ्यावर जरा बसायचं आहे म्हणून.

सागत नावाचे भिक्खू होते. अंबतित्थ इथे एका विषारी नागाला त्यांनी वश केलं आणि त्यांची कीर्ती पसरली. पुढे कोसंबीच्या उपासकांनी कौतुकाने घरोघरी मद्य तयार ठेवलं. भिक्षेला निघालेले सागत प्रत्येक दारी थोडं थोडं प्यायले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. भिक्खूंनी उचलून विहारात आणलं, बुद्धाकडे डोकं करून निजवलं. ते लोळत लोळत फिरले आणि बुद्धाकडे पाय करून झोपले. बुद्धाने विचारलं, हा पूर्वी माझ्याशी आदराने वागत नव्हता का? आणि नागाशी झुंजणारा हा सागत आता साध्या दिवडाशी तरी झुंजू शकेल का? मद्याचा नियम त्या दिवशी झाला. विनयपिटकातली ही गोष्ट वाचताना मला आमच्या वस्तीतले किती चेहरे दिसतात. चांगले, कर्तबगार, लोकांनी प्रेमाने पाजलेले. शीलाच्या ओळीत मद्याला प्रमादाचं ठिकाण म्हटलं आहे. प्रमाद म्हणजे भान सुटणं. भान सुटलं की उरलेली चार शीलं कोण सांभाळणार? परिनिर्वाणाच्या वेळचा बुद्धाचा शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच आहे.

आता चौथं, मुसावाद. खोटं बोलणं.

बुद्धाचा मुलगा राहुल लहानपणीच श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झाला. अट्ठकथेप्रमाणे या प्रसंगी तो सात वर्षांचा होता. राजगृहाजवळ अंबलट्ठिकेत तो राहत असताना बुद्ध संध्याकाळी तिथे आले. मुलाने आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. बुद्धाने पाय धुतले, भांड्याच्या तळाशी थोडं पाणी ठेवलं आणि विचारलं, राहुल, हे उरलेलं पाणी दिसतं का? जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रामण्य एवढंसंच असतं. मग ते पाणी ओतून दिलं. त्याचं श्रामण्य असं फेकलेलं असतं. भांडं पालथं घातलं. असं पालथं. पुन्हा सुलटं केलं. असं रिकामं. चार हालचाली आणि एक भांडं, मुलाला यापेक्षा जास्त काय लागतं? पुढे राजाच्या हत्तीचा दाखला आहे. लढाईत तो पाय, डोकं, दात, शेपूट, सगळं वापरतो, पण सोंड जपतो. ज्या दिवशी सोंडही वापरू लागला, त्या दिवशी माहुताने ओळखावं की याने जिवावर पाणी सोडलं, आता हा काहीही करील. खोटं बोलायची लाज गेलेल्या माणसाचं तसंच.

मग बुद्ध विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणतो. तसंच प्रत्येक कर्म पाहून करावं, काया, वाचा, मन तिन्हींचं. करण्याआधी पाहायचं, करत असताना पाहायचं, करून झाल्यावरही पाहायचं. यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होणार आहे का? आधी कळलं तर करू नये, मध्येच कळलं तर थांबावं. नंतर कळलं, तर काया-वाचेचं कर्म शास्त्याकडे किंवा जाणत्या सोबत्याकडे जाऊन उघड करावं, मनातल्याची लाज धरावी आणि पुढे जपावं. कर्म चांगलं निघालं, तर त्या आनंदात राहावं.

या उपदेशाचं मोल अशोकाने फार लवकर ओळखलं. जयपूरजवळ बैराटला त्याचा एक लेख सापडला. १८४० पासून ज्ञात असलेला तो दगड आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात संघाला उद्देशून सात धम्मग्रंथांची नावं आहेत आणि ते भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका सर्वांनी वारंवार ऐकावेत अशी इच्छा आहे. सातवं नाव, मुसावादाविषयी राहुलाला केलेला उपदेश.

आजीला मी हे सुत्त पूर्ण वाचून दाखवलं होतं, तेही भांड्यात पाणी घेऊन. हत्ती तिला आवडला. आरशाच्या भागावर मात्र तिने मला दोनदा थांबवलं. त्यानंतर रात्री खाटेवर पडल्या पडल्या ती कधी कधी दिवस मोजायची, ऐकू येईल इतक्या आवाजात. सुनेला उगाच बोलली. दूधवाल्याला दोन रुपये कमी गेले, सकाळी द्यायचे.

पुढच्या आठवड्यात उपोसथ आणि अष्टशील. तिथे पाचाची आठ होतात, दुपारनंतर चूल बंद राहते आणि तिसऱ्या शीलातला एक शब्द बदलतो.