दिलासा हाही इलाज

हाताचे हाड मोडले की डॉक्टर प्लास्टर घालतात. काही आठवड्यांनी ते काढतात. हाड जुळलेले असते, पण हात लगेच पूर्वीसारखा वळत नाही. सांधा आखडलेला असतो. स्नायू अशक्त झालेले असतात. मग रोज थोडा थोडा व्यायाम करून हाताला पुन्हा कामाची सवय लावावी लागते. आजारानंतर किंवा अपघातानंतर रुग्णाला असे पुन्हा उभे करण्याच्या कामाला 'पुनर्वसन' म्हणतात.

हे काम अनेक जण मिळून करतात. फिजिओथेरपिस्ट सांध्यांचे आणि स्नायूंचे व्यायाम शिकवतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ जेवणे, कपडे घालणे, लिहिणे अशी रोजची कामे पुन्हा करायला शिकवतात. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांना वाचोपचारतज्ज्ञ मदत करतात. आपल्या देशात व्यवसायोपचाराचे शिक्षण कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईत सुरू केले.

गोळी पोटात गेली की ती आपले काम करते. शस्त्रक्रियेच्या वेळी तर रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो. व्यायाम मात्र रुग्णाला स्वतःच करावा लागतो. तो दुखत असताना करावा लागतो, कंटाळा आला तरी करावा लागतो, आणि कधी कधी महिनोन् महिने करावा लागतो. मध्येच सोडला, तर सांधा पुन्हा आखडतो. मग कमावणारा माणूस कायमचा परावलंबी होण्याचा धोका असतो. म्हणून पुनर्वसनात व्यायाम शिकवणाऱ्याचे बोलणे, ऐकणे आणि धीर देणे यांना फार महत्त्व आहे. तो उपचाराचाच एक भाग आहे.

याचे एक मोठे उदाहरण आपल्या वर्धा जिल्ह्यात घडले. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे या गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित तेथे आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. लोक अशा रुग्णाला घराबाहेर काढत, त्याच्या सावलीलाही भीत. गांधीजींनी मात्र शास्त्रींसाठी आपल्या कुटीजवळच एक कुटी बांधून घेतली. ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत आणि प्रेमाने विचारपूस करत. ज्याला कोणी शिवत नव्हते, त्याला माणसाचा हात लागला. आजही सेवाग्राम आश्रमात 'परचुरे कुटी' पाहायला मिळते. आता कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.

तुम्ही म्हणाल, असा स्वभाव जन्मतःच असावा लागतो. तो शिकून कसा येईल? पण तसे नाही. पोहणे किंवा सायकल चालवणे जसे सरावाने येते, तसे रुग्णाशी बोलणेही सरावाने येते. सेवाग्राममध्येच १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात उभे राहिलेले हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आधी १५ दिवस आश्रमात राहतात. ते प्रार्थना, सूतकताई, श्रमदान आणि साफसफाई करतात. त्यानंतर प्रत्येक वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते आणि एकेका विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. रुग्ण कोणत्या घरातून येतो, काय खातो, कसे काम करतो, हे तेथे जाऊनच कळते. २०१९ पासून तर देशभरातील एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमूल्ये आणि संवाद यांच्या शिक्षणाचा समावेश झाला आहे. पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांनाही हीच कौशल्ये लागतात.

हे प्रशिक्षण कसे देतात, ते पाहू. एक जण रुग्ण होतो, दुसरा उपचारक होतो. बाकीचे नीट पाहतात आणि नंतर चर्चा करतात. रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोलला का? हात लावण्यापूर्वी विचारले का? रुग्णाला सोडून त्याच्या नातेवाइकांशीच बोलत राहिला का? अशा प्रश्नांतून प्रत्येकाला आपली उणीव समजते.

समजा, पक्षाघात झालेल्या एका आजींना बोलता येत नाही. त्यांना बोललेले सगळे समजत असू शकते. शब्द मात्र ओठांवर येत नाहीत. अशा वेळी मोठ्याने ओरडून उपयोग नसतो. त्यांचे वाक्य घाईने आपणच पुरे करू नये. "आजी, पाणी हवे का?" असा मान हलवून उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी.

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाला काय हवे आहे, ते विचारणे. "काका, घरी गेल्यावर सर्वांत आधी काय करावेसे वाटते?" एवढा एकच प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो. एखाद्या बाईंना चुलीपुढे बसून भाकरी थापायची असते. एखाद्या चाचांना नमाजासाठी गुडघे टेकता यावेत असे वाटते. मग व्यायामही त्याच दिशेने शिकवता येतो. गुडघा अजून वाकत नसेल, तर तसे स्पष्ट पण हळुवारपणे सांगावे. खोटी आशा दाखवू नये. "सध्या खुर्चीवर बसून नमाज पढा, चाचा. आपण रोज थोडे पुढे जाऊ," असे म्हटले, तर रुग्णाचा विश्वासही टिकतो आणि उमेदही.

तिसरी गोष्ट, शिकवलेले समजले का, याची खात्री करणे. "समजले ना?" असे विचारले, की संकोचाने सगळेच "हो" म्हणतात. त्याऐवजी "काका, घरी हा व्यायाम कसा कराल, ते मला करून दाखवा," असे म्हणावे. चूक तेथल्या तेथे दिसते आणि सुधारता येते.

रुग्णाचे ऐकल्याने किती मोठे काम होते, हे जयपूरच्या पायाने दाखवून दिले आहे. पूर्वीच्या कृत्रिम पायावर बूट घालावा लागे. त्या पायाने उकिडवे बसता येत नसे, चिखलात अनवाणी चालता येत नसे. आपल्याकडचे शेतकरी तो पाय काढून ठेवत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ही अडचण ओळखली. त्यांनी रबराचा लवचीक पाय तयार केला. तो घालून शेतात चालता येते आणि जमिनीवर बसता येते.

मुलांनो, 'दिलासा' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. 'इलाज' आणि 'जखम' हे शब्दही तसेच आहेत. दवाखान्यात मराठी बोलणारा, उर्दू बोलणारा आणि गोंडी बोलणारा रुग्ण एकाच बाकावर बसलेला असतो. त्याच्या भाषेतले दोन शब्द कानी पडले, तरी त्याची भीती कमी होते. उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर, परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट होईल. तोपर्यंत घरातल्या आजारी आजी-आजोबांजवळ रोज थोडा वेळ बसा. त्यांना बोलू द्या आणि तुम्ही ऐका. सराव तेथूनच सुरू होतो.

शब्दार्थ

परावलंबी – दुसऱ्यावर अवलंबून असणारा
विचारपूस – खुशालीची चौकशी
दत्तक घेणे – (येथे) जबाबदारी स्वीकारणे
पक्षाघात – लकवा
उकिडवे बसणे – पायांवर भार देऊन गुडघे वाकवून बसणे
उमेद – उत्साह, आशा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पुनर्वसन कशाला म्हणतात?
(आ) सेवाग्रामचे पूर्वीचे नाव काय होते?

२. कारणे लिहा.
(अ) "समजले ना?" एवढेच विचारणे पुरेसे नसते.
(आ) शेतकरी जुना कृत्रिम पाय काढून ठेवत.

३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.

४. वर्गात जोड्या करा. एकाने रुग्ण व दुसऱ्याने उपचारक होऊन पाच मिनिटे संवाद करा.