झोपेला साक्षीदार हवा

इचलकरंजीत दिवसा पेंगणाऱ्या माणसाला कुणी ‘का’ म्हणून विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं: रातपाळी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. आज गल्लोगल्ली माग आहेत आणि बहुतेक कारखान्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, त्यामुळे डोळा लागला आणि माग बंद राहिला की पैसे बुडाले. अशा गावात सकाळची डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा, चहा घेता घेता येणारी झापड हे सगळं पाळीच्या नावावर खपून जातं. माझं म्हणणं असं की या तयार उत्तराआडच एक आजार लपून राहतो. झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा. त्यावर उपचार आहेत, आणि म्हणूनच त्याचं लपून राहणं जास्त अस्वस्थ करतं.

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद झाली की माणूस घोरतो. ती पुरती मिटली की छाती आणि पोट धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. हे निदान १० सेकंद चाललं तर त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस जोरात श्वास ओढतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी यातलं त्याला काहीच आठवत नाही. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडला किंवा फार उथळ झाला तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तीव्र आजाराचा माणूस आठ तासांत २४० हून अधिक वेळा असा धक्का खातो आणि दर धक्क्याला रक्तदाब उसळतो. दोन-तीन गोळ्या घेऊनही ज्याचं बीपी उतरत नाही, रात्री लघवीला ज्याला सारखं उठावं लागतं, त्याला झोपेबद्दल विचारायलाच हवं.

पण विचारायचं कुणाला? रोगी स्वतः झोपलेला असतो. म्हणून या आजारात पहिली महत्त्वाची साक्ष शेजारी झोपणाऱ्याची असते. ‘घोरता घोरता एकदम गप्प होतात, मग दचकून श्वास घेतात’ हे बायकोचं एक वाक्य डॉक्टरला योग्य वाटेवर नेतं. इचलकरंजीत नेमकी हीच साक्ष हरवते. रातपाळीचा कामगार सकाळी घरी येऊन झोपतो तेव्हा बायको कांड्या भरायला किंवा दुसऱ्या कामाला गेलेली असते, मुलं शाळेत. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून आलेले कामगार एका खोलीत राहतात. तिथे एकाची झोप सुरू होते तेव्हा दुसऱ्याची पाळी सुरू झालेली असते. त्यात खालच्या मजल्यावर माग चालू असले तर घोरणं ऐकू येणार तरी कुणाला? आजार मोठा असूनही तो पाहणारा कुणी नसतो, आणि ही अडचण पाळीनेच निर्माण केलेली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो: हा खाऊनपिऊन सुखी, सुटलेल्या माणसांचा आजार, बारीक अंगाच्या विणकराला तो कशाला होईल? लठ्ठपणा हे मोठं कारण आहे, यात वाद नाही. पण ते एकमेव नाही. जबडा लहान किंवा मागे सरकलेला असला, टॉन्सिल मोठे असले तर बारीक माणसाचाही श्वास अडतो, आणि आशियाई लोकांत हा आजार तुलनेने कमी वजनालाही दिसतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडत होता. त्यासोबत दिवसा झोपाळूपणाही असलेले, म्हणजे पुरते रोगी, ७.५ टक्के होते. ही माणसं दवाखान्यात नेहमीच्या आरोग्यतपासणीला आलेली होती, विणकर नव्हती. म्हणून ते आकडे जसेच्या तसे इचलकरंजीला लावता येणार नाहीत. पण आजार दुर्मीळ आहे, ही समजूत त्यांनी मोडली. बायकाही यातून सुटत नाहीत. मासिक पाळी गेल्यानंतर त्यांच्यातलं प्रमाण वाढतं, आणि त्या घोरण्याऐवजी थकवा नि झोप न येणं सांगतात, म्हणून त्यांचं निदान आणखी उशिरा होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रातपाळीने झोप खरोखरच बिघडते, मग प्रत्येकाला रोगी का ठरवायचं? शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. दिवसाची झोप उथळ आणि तोकडीच होते. पण फरक ओळखता येतो. पाळी बदलून दिवसाची आली आणि आठवडाभर सात-आठ तास झोप मिळाली की पाळीचा थकवा बराच उतरतो. ॲप्नियाचा उतरत नाही. भरपूर झोपूनही माणूस न झोपल्यासारखा उठतो. पाय रात्री अस्वस्थ होऊन हलवावेसे वाटत असतील तर तो वेगळाच विकार आहे, आणि त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असलेल्या आपल्या राज्यात ही साधी रक्ततपासणी व्हायलाच हवी. नुसताच निद्रानाश असेल तर झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तन-उपचारपद्धती आधी वापरावी, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे. आपल्याकडे मात्र आधी गोळी येते. ॲप्नियाच्या रोग्याने झोपेची गोळी किंवा दारू घेतली तर घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि श्वास जास्त अडतो. चुकीच्या निदानाने इथे थेट अपाय होतो, म्हणून मी या मुद्द्यावर इतका अडून बसलो आहे.

तपासणी म्हणजे रात्रभर प्रयोगशाळेत मेंदू, डोळे, हृदय, श्वास यांची नोंद, असंच बहुतेकांना वाटतं. ती सर्वांत सविस्तर खरी, पण रातपाळीवाल्याला त्यासाठी मजुरी बुडवावी लागते. ज्यांच्यात लक्षणं ठळक आहेत आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा दुसरा मोठा आजार नाही, त्यांच्यासाठी घरी नेण्याचं छोटं यंत्र पुरतं: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. हे यंत्र रोगी त्याच्या खऱ्या झोपेच्या वेळी, म्हणजे भर दुपारीही लावू शकतो.

उपचारात सर्वांत खात्रीचं साधन सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलं. मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवायचा, यालाच सीपॅप म्हणतात. २०१६ च्या एका मोठ्या प्रयोगात हृदयविकार असलेल्यांमध्ये त्याने पुढचे झटके कमी झाले नाहीत, हे टीकाकार दाखवतात आणि ते बरोबर आहे. पण त्या प्रयोगात लोकांनी मास्क रात्री सरासरी ३.३ तासच लावला होता, आणि तरीही दिवसाचा झोपाळूपणा कमी झाला. फिरत्या मागाशेजारी उभ्या असणाऱ्या किंवा कापडाच्या गठड्या भरलेला ट्रक रात्री हाकणाऱ्या माणसाला तेवढंही मोलाचं आहे. खर्चाचा प्रश्न खरा आहे. मास्कचं यंत्र विणकराच्या आवाक्याबाहेर जातं. पण सौम्य आजारात कुशीवर झोपणं, दारू सोडणं, दंतवैद्याने बनवलेलं जबडा पुढे धरणारं साधन आणि वजन १० टक्के घटवणं यांनीही पुष्कळ फरक पडतो. त्याआधी बीपी-शुगर तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात कामगाराला दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: तुम्ही झोपता तेव्हा खोलीत कोण असतं, आणि सुट्टीच्या दिवशी त्याने तुमचा श्वास ऐकला आहे का?