पुरणपोळीचं पान आणि त्यातला पसारा

डाळ शिजत आली आहे, पुरणात गूळ किती घालायचा तेवढंच बघायचं आहे. मोबाइलवर पान उघडतं आणि आधी लेखिकेच्या आजोळची होळी, मग पुरणपोळीचे आरोग्याला फायदे, मधेच आपोआप वाजू लागणारा व्हिडिओ, खालून वर सरकणारी कर्जाची जाहिरात. गूळ सापडेपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झालेल्या असतात.

हा पसारा निव्वळ हौसेचा नाही. रेसिपी फुकट म्हणजे पैसे जाहिरातींतून; पान लांबलं की जाहिरातींना जागा वाढते. शिवाय अमेरिकी कायद्यात साहित्याच्या नुसत्या यादीला कॉपीराइट मिळत नाही, भोवतीच्या लेखनाला आणि फोटोंना मिळतो. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस 'रेसिपीझ्ली' नावाची साइट जाहिराती आणि आत्मकथा वगळून नुसत्या रेसिपी देण्याचं सांगत आली. खाद्यलेखक तिच्यावर असे तुटून पडले की ती लगोलग बंद करावी लागली. त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. पुन:पुन्हा करून बसवलेलं प्रमाण कुणी आयतं उचललं तर कोण गप्प बसेल?

गंमत अशी की स्वच्छ रेसिपी त्याच पानाच्या पोटात असते. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये 'स्कीमा डॉट ऑर्ग' नावाची खुणांची पद्धत आणली. पदार्थाचं नाव, साहित्य, कृती, लागणारा वेळ, किती जणांना पुरेल, अशा एकेका गोष्टीला पानाच्या कोडमध्ये ठरलेली खूण. ती यंत्रांसाठी असते, आपल्याला दिसत नाही. 'पॅप्रिका' किंवा 'मीली'सारखी ॲप्स नेमक्या त्याच खुणा वाचतात. लिंक दिली की आजोळ गळून पडतं, साहित्य आणि कृती तेवढी उरते. मूळ पानाची लिंकही सोबत राहते, म्हणजे श्रेय हरवत नाही. ॲप नकोच असेल तर ब्राउझरमधला रीडर मोड बरंचसं काम करतो.

मराठी स्वयंपाकाची मात्र वेगळी अडचण. आपल्याकडे रेसिपी वाचण्यापेक्षा यूट्यूबवर बघितली जाते, आणि व्हिडिओतल्या बाईंनी बोलताबोलता सांगितलेलं प्रमाण ॲपला कळेलच असं नाही. व्हिडिओखालच्या वर्णनात पुष्कळदा सगळं साहित्य लिहिलेलं असतं. ते उचलावं, नसेल तर ऐकून उतरवावं.

मापाचा घोळ त्याहून मोठा. कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकात (१९७०) वाटी-चमच्याचं माप वापरलं आणि ते घरोघरी चाललं, कारण सगळ्याला एकच वाटी घेतली की वाटी लहान की मोठी याने बिघडत नाही. बिघडतं ते यीस्टचं पाकीट किंवा दोन अंडी मधे आली की. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा. आपली आमटीची वाटी त्याच्या जवळपासही नसते. म्हणून केकची रेसिपी साठवतानाच ग्रॅम लिहून टाकावेत. चौघांचं प्रमाण बारा जणांचं करायला ॲपला क्षण पुरतो, पण ते आकडे डोळे मिटून तिप्पट करतं. पातेलं मोठं झालं म्हणून वाफ तिप्पट जात नाही, त्यामुळे रश्शाचं पाणी आपणच कमी धरायचं.

साठवणं इतकं सोपं झालं की नवाच पसारा तयार होतो: पाचशे रेसिपी, केलेल्या वीस. त्यावर सरळ उपाय म्हणजे दोनच कप्पे, 'करून बघू' आणि 'जमलं'. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एक ओळ पडलीच पाहिजे: 'गूळ पाऊण वाटी पुरे', 'मुलांना तिखट झालं'. पुढे खुणा घालायच्या त्या पदार्थाच्या जातीपेक्षा प्रसंगाच्या: उपास, डबा, उरलेला भात, पाहुणे अचानक. थालीपीठ देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहून ठेवलं तर घाईत कसंही शोधलं तरी सापडतं.

ॲप्स बंदही पडतात. ज्यातून सगळ्या रेसिपी एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात तेच निवडावं आणि अधूनमधून ती फाइल काढून ठेवावी. 'जमलं'मधल्या दहा-बारा छापून, लॅमिनेट करून ओट्याजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या, तर पिठाच्या हाताने फोनला शिवायचंही कारण उरत नाही.