आयाळीतली वंशावळ

सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याची आई कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. बाप मात्र न विचारता सांगितला जातो. तो मारवाडातल्या कुठल्याशा ठाकुरांच्या तबेल्यातला असतो, नावाजलेला असतो, आणि त्याची रेवाल चाल अशी असते म्हणे की स्वाराच्या हातातल्या भरल्या पेल्यातला थेंब सांडू नये. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या या यात्रेत घेणारा दात बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, कानांची टोकं जुळतात का ते बघतो, मग घोडा फिरवून पाहतो. दातांवरून वय सांगणाऱ्या जुन्या माणसांचा अंदाज फारसा चुकत नाही, हे मी घोड्यांचा डॉक्टर म्हणून कबूल करतो. पण दातांवरून बाप कळत नाही. तो कळायला आयाळीतले वीस-तीस केस उपटून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात.

उपटूनच. कात्रीने कापलेले केस घेऊन येणारे मालक अजून भेटतात. रबर लावून, छान जुडी बांधून आणतात. त्या जुडीचा काही उपयोग नसतो, कारण तपासायच्या पेशी केसाच्या मुळाशी असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट केस बुरसतात, म्हणून साधं कागदी पाकीट बरं. आणि शिंगराचे केस घेताना हात आणि खरारा स्वच्छ हवा. आईच्या अंगाला घासून घासून तिचे केस त्याच्या अंगाला चिकटलेले असतात, ते पाकिटात गेले की अहवालाचा घोळ होतो.

तपासणीचं तत्त्व अवघड नाही. घोड्यात गुणसूत्रांच्या 32 जोड्या असतात. त्यांच्यावर काही ठरलेल्या जागी डीएनएचा एक छोटा तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा येतो, हे घोड्यागणिक बदलतं. कोणत्या जागा तपासायच्या यावर जगभरच्या प्रयोगशाळांचं एकमत आहे, म्हणून एका देशातला अहवाल दुसऱ्या देशातल्या अहवालाशी ताडून बघता येतो. प्रत्येक लांबीला इंग्रजी अक्षर दिलेलं असतं. समजा, एका जागी घोडीकडे ‘आय’ आणि ‘एम’ आहेत आणि सांगितलेल्या घोड्याकडे ‘एल’ आणि ‘एन’. शिंगराकडे यातलं एक आईचं आणि एक बापाचं असायलाच हवं. ‘आय’ आणि ‘ओ’ निघालं, तर तो ‘ओ’ कुठून आला? एखाद्या जागची तफावत नव्या बदलामुळेही पडू शकते, म्हणून एकीवर फासावर चढवत नाहीत. दोन-तीन जागी तसं झालं की तो घोडा बाप नाही, विषय संपला. डझनभराहून जास्त जागी सगळं जुळलं तर नाव टिकतं.

यात दर वेळी फसवणूकच असते असं नाही. घोडी पाच-सात दिवस माजावर असते. पहिल्या घोड्याने नीट लागलं नाही असं वाटून दुसरा दाखवला जातो. कुंपण तुटतं. दीड-दोन वर्षांचं शिंगरू ‘अजून पोर आहे’ म्हणून घोड्यांमध्ये मोकळं सोडलं जातं आणि ते पोर नसतं. अकरा महिन्यांनी हिशेब समोर येतो, तोवर कोणाला काय आठवतंय!

प्रयोगशाळेआधीही एक चाचणी होती, डोळ्यांची. चेस्टनट, म्हणजे तांबूस रंगाच्या आईबापांना शिंगरू चेस्टनटच होतं. पुढे पांढरा पडत जाणारा राखाडी घोडा असेल, तर आईबापांपैकी एक तरी राखाडी असलाच पाहिजे. पण राखाडी शिंगरू बहुधा गडद रंगाचंच जन्मतं, त्यामुळे खोटं उघडं पडायला वेळ लागतो. इंग्लंडमध्ये थरोब्रेड घोड्यांची वंशावळ 1791 पासून छापली जाते आणि ती पोथीसारखी मानली जाते. डीएनएचा एक भाग फक्त आईकडून येतो. त्यावरून संशोधकांनी तिथली घोड्यांची घराणी तपासली, तर पोथीत एकाच मूळ घोडीच्या म्हणून लिहिलेल्या काही शाखा वेगवेगळ्या घोड्यांच्या निघाल्या. आज पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर जन्मलेलं थरोब्रेड शिंगरूसुद्धा आईबाप डीएनएने सिद्ध झाल्याशिवाय स्टड बुकात जात नाही.

आईबापाचा प्रश्न असा सुटतो. रोगाचा सुटत नाही, कारण तिथे अहवाल आल्यावर माणसाला काहीतरी ठरवावं लागतं. त्यासाठी अमेरिकेतल्या एका घोड्याची गोष्ट सांगतो.

नाव इम्प्रेसिव्ह, जन्म 1969, जात क्वार्टर हॉर्स. या जातीच्या काही स्पर्धांत घोडा पळवत नाहीत. हातात धरून उभा करतात आणि बांधा बघून गुण देतात. इम्प्रेसिव्हचा बांधा असा की 1974 मध्ये तो जगज्जेता ठरला. मग त्याच्याकडे घोड्यांची रांग लागली. त्याची मुलं, नातवंडं जिंकत गेली, वंश हजारोंनी वाढला. आणि त्यातले काही घोडे अचानक थरथरू लागले. कातडीखाली स्नायू वळवळायचे, मागचा भाग लुळा पडायचा, कधी घोडा कोसळायचा, कधी मरायचा.

कारण सापडलं 1992 मध्ये. स्नायूंच्या पेशीत सोडियम आत सोडणारी जी दारं असतात, त्यांच्या जनुकात एक अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे ती दारं नीट मिटत नाहीत. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की झटका येतो. आणि पोटॅशियम कशात भरपूर? लसूणघासात आणि मळीत. म्हणजे मालक ज्याला लाडाचा खुराक समजतो, नेमक्या त्याच खुराकात. असे घोडे सांभाळता येतात: चारा बदलायचा, उपाशी ठेवायचं नाही, थोडं थोडं पण वारंवार खायला द्यायचं. पण दोष प्रबळ आहे. एकाच पालकाकडून आला तरी पुरतो.

मला खटकतं ते पुढचं. स्नायू विनाकारण सतत चाळवलेले राहतात, आणि परीक्षकांना भुरळ घालणाऱ्या त्या पिळदार शरीराचं हेही एक कारण मानलं जातं. रोग आणि बक्षीस एकाच जनुकातून आलेले! चाचणी हातात होती, केस उपटायचेच बाकी होते. तरी दोन्ही पालकांकडून दोष घेतलेल्या शिंगरांची नोंद तिथल्या संघटनेने बंद केली ती 2007 पासून जन्मलेल्यांची. मध्ये पंधरा वर्षं गेली. एकाच बाजूने दोष आलेल्यांना आजही मनाई नाही. प्रयोगशाळेने आपलं काम केलं होतं. ट्रॉफी देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी केलं नाही.

दुसऱ्या तऱ्हेचे दोष लपून राहतात. अरबी घोड्यांमध्ये एक रोग आहे, ज्यात शिंगराला स्वतःची प्रतिकारशक्तीच नसते. आईच्या चिकातून मिळालेली शिदोरी असेपर्यंत ते बरं दिसतं, मग एकामागून एक संसर्ग होतात आणि साधारण पाच महिन्यांच्या आत ते जातं. इथे दोष दोन्हीकडून यावा लागतो. एकीकडूनच आला, तर घोडा ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचं शिंगरू चारात एकदा रोगी निघण्याची शक्यता असते. वाहक आणि निर्दोष यांची जोडी लावली तर एकही नाही. याची चाचणी 1997 पासून आहे.

‘वाहक’ शब्द ऐकला की मालकाचा चेहरा पडतो. डॉक्टर, काढून टाकू का हिला? काढून टाकू म्हणजे बाजारात नेऊ, आणि अहवाल घरी ठेवून. मी नको म्हणतो. घोडी चांगली असेल तर ठेवा, फक्त तिला तपासलेला, निर्दोष घोडा दाखवा. छोट्या जातीत प्रत्येक वाहक बाहेर काढत गेलात तर एक रोग जाईल आणि उरलेल्या मूठभर घोड्यांच्या आपसातल्या लागवडीतून दुसरा उगवेल.

आपल्याकडे अलीकडे परदेशी प्रयोगशाळांचं ‘पॅकेज’ घ्यायची हौस आली आहे. मारवाडी घोड्याचा मालक मला अभिमानाने दाखवतो: सगळं निगेटिव्ह! त्यातला निम्मा भाग इम्प्रेसिव्हच्या आणि त्याच्या शेजारपाजारच्या घराण्यांच्या दोषांचा. जो दोष एका अमेरिकन वंशात फिरतो, तो आपल्या घोड्यात नाही हे कळायला पैसे कशाला मोजायचे? आपल्या जातींत कोणते दोष दडलेत, ते आपल्याच घोड्यांचा अभ्यास करून शोधावे लागतील. शर्यतीच्या जनुकाचंही तेच. आयर्लंडमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं की मायोस्टॅटिन नावाच्या जनुकावरून थरोब्रेड कमी अंतराला बरा की लांब पल्ल्याला, याचा अंदाज बांधता येतो. जिंकेल की नाही, ते त्यात नाही. रेसकोर्सवर टिपा विकणाऱ्यांचा धंदा सुरक्षित आहे.

मारवाडी, काठियावाडी किंवा आपल्या भीमथडीच्या मालकाने खर्च करायचाच तर आधी आईबापाच्या चाचणीवर करावा, असं माझं मत आहे. भीमेच्या खोऱ्यातला हा काटक घोडा मराठ्यांच्या फौजेत होता, आजही धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर वाहतो, आणि अलीकडे त्याला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात देशी जातींच्या डीएनएवर काम चालतं. पण मान्यता मिळाली म्हणून कळपातलं शिंगरू कोणाचं हे आपोआप कळत नाही. त्यासाठी आधी घोड्याचा नमुना नोंदलेला हवा. म्हणून लागवडीला घोडा देणाऱ्यांना मी हंगामाआधीच सांगतो, केस आत्ता पाठवा, पावती जपून ठेवा. शिंगरावरून तंटा उभा राहतो तोवर घोडा दोनदा विकला गेलेला असतो, आणि त्याच्या आयाळीचे चार केस मागायला पंजाबपर्यंत जावं लागतं.